न उघडलेले गीत

काही वर्षांपूर्वी आगमनकाळात मी अमेरिकेत होतो. तेथील एका धर्मग्रामाचे धर्मगुरू आजारी पडल्याने त्यांच्या जागी सहा आठवडे सेवा करण्याची संधी मला लाभली होती. आपल्या वसईकडची काही कुटुंबे त्या परिसरात स्थायिक झालेली आहेत. आगमनकाळाच्या दुसऱ्या रविवारी त्यांपैकी एका घरी मला जेवणाचे आमंत्रण होते. स्वयंपाकघरातून ओळखीचा वास दरवळत होता, बाहेर थंडी मी म्हणत होती. जेवण वाढायला अवकाश होता, म्हणून घरच्या मुलाने मला आपली खोली दाखवायला नेले. वय असेल सत्तावीस-अठ्ठावीस. चांगल्या नोकरीवर असलेला, मिस्सेला नियमित येणारा, आईवडिलांना जिवापाड जपणारा मुलगा.

खोलीत भिंतीला लागून एक उंच कपाट होते. त्याच्या मधल्या फळीवर ग्रामोफोनच्या ध्वनिमुद्रिका ओळीने मांडून ठेवल्या होत्या. मी त्या मोजल्या. एकोणीस भरल्या. एकोणीसही एकाच चित्रपटाच्या, त्याच त्या नाताळ-संगीताच्या! कोणी हिरवी, कोणी लाल, कोणी शुभ्र, कोणी लाल-पांढऱ्या पट्ट्यांची, तर एखादी पारदर्शक तबकडीत बर्फाचे कण गोठावेत तशी ठिपकेदार. मुलगा प्रत्येकीची हकिकत सांगत होता. ही अमुक दुकानातच मिळत होती, ती एकाच वर्षी निघाली, हिच्यासाठी भल्या पहाटे रांगेत उभा राहिलो. त्याच्या डोळ्यांतील चमक खरी होती.

मी म्हणालो, "अरे, मग एखादी लाव ना. जेवणाआधी सगळे मिळून ऐकू."

तो थोडा ओशाळला. म्हणाला, "फादर, या उघडायच्या नसतात. वरचं प्लास्टिक काढलं की किंमत उतरते. ऐकायचं असेल तर फोनवर लावतो मी."

दाराशी आलेली त्याची आई पदराला हात पुसत म्हणाली, "तेच मी सांगते फादर. घरात एकोणीस आहेत, पण वाजलेली एकही नाही."

त्या माउलीच्या या एका वाक्याने मला हा लेख लिहायला लावले. मुलाची परवानगी मी घेतली आहे. नाव देणार नाही, एवढीच त्याची अट होती. ती मी पाळतो. पण मत मात्र मऊ करून सांगणार नाही. एकाच भक्तिगीताच्या रंगीबेरंगी प्रती जमवून त्या कुलूपबंद ठेवण्याच्या या छंदाला आपण निरुपद्रवी म्हणतो. माझ्या मते तो निरुपद्रवी नाही. नाताळच्या मर्मावरच तो नकळत घाव घालतो.

ते संगीत आहे तरी कोणते?

ज्यांनी हा चित्रपट पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी थोडी माहिती देतो. त्याचे नाव 'अ चार्ली ब्राउन ख्रिसमस'. चार्ल्स शुल्झ या व्यंगचित्रकाराच्या 'पीनट्स' या चित्रमालिकेतील मुले त्यात आहेत. सुमारे पंचवीस मिनिटांचा हा बोलपट 9 डिसेंबर 1965 रोजी अमेरिकन दूरचित्रवाणीवर प्रथम दाखवला गेला. निर्माता ली मेंडेलसन, दिग्दर्शक बिल मेलेंदेझ आणि संगीतकार व्हिन्स ग्वाराल्डी. ग्वाराल्डी हा सॅन फ्रान्सिस्कोचा जॅझ पियानोवादक. याच वर्षीच्या मे महिन्यात तेथील ग्रेस कॅथीड्रल या एपिस्कोपल मंदिरात त्याने जॅझच्या अंगाने बांधलेल्या उपासनेची साथ केली होती. त्या उपासनेत सॅन राफेल येथील सेंट पॉल्स चर्चची मुले गायली होती आणि चित्रपटातील गाण्यांसाठीही त्याच वृंदातील मुले आली. ती मुले कसलेले गायक नव्हेत. त्यांचा सूर कुठे कुठे किंचित घसरतो आणि नेमक्या त्याच कारणाने ते गाणे एखाद्या गावच्या चर्चमधले वाटते. संगीताची ध्वनिमुद्रिका त्याच डिसेंबरात फँटसी रेकॉर्ड्स या कंपनीने बाजारात आणली. 2012 मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करण्याजोग्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रणांच्या नोंदवहीत तिला स्थान दिले. तिच्या गुणवत्तेविषयी माझी काहीच तक्रार नाही. मी स्वतः ती आवडीने ऐकतो.

आता कथा पाहा. चार्ली ब्राउन नावाचा मुलगा नाताळ जवळ आला तरी उदास आहे. आजूबाजूला जो तो भेटींच्या याद्या करतो आहे. त्याच्या कुत्र्यानेसुद्धा रोषणाईच्या स्पर्धेत बक्षीस मिळवण्यासाठी आपले घरकुल दिव्यांनी मढवले आहे. नाताळच्या नाटिकेसाठी झाड आणण्याचे काम त्याच्यावर सोपवले जाते. मुलांना हवे असते ॲल्युमिनियमचे चकचकीत झाड, जमल्यास गुलाबी रंगाचे. तो मात्र सर्वांनी नाकारलेले, पाने गळणारे एक खरेखुरे लहानसे रोप घेऊन येतो. सारे त्याला हसतात. वैतागून तो ओरडतो, नाताळ म्हणजे नेमके काय हे कोणी मला सांगेल का? तेव्हा त्याचा मित्र लायनस रंगमंचाच्या मध्यभागी येतो आणि संत लूकच्या शुभवर्तमानातील दुसऱ्या अध्यायाच्या 8 ते 14 या ओव्या तोंडपाठ म्हणतो. मेंढपाळ, देवदूत, गव्हाणीतील बालक. दूरचित्रवाणीच्या करमणुकीत पवित्र शास्त्राचा उतारा घ्यावा की नाही, याविषयी सहकाऱ्यांच्या मनात शंका होती. शुल्झ मात्र आपल्या आग्रहावर ठाम राहिला. पहिल्याच रात्री अमेरिकेतील सुमारे दीड कोटी घरांत ते शब्द पोहोचले.

म्हणजे वाचकहो, नाताळचा बाजार झाला आहे, ही ज्या कलाकृतीची व्यथा, गुलाबी ॲल्युमिनियमच्या झाडाला ज्या कलाकृतीने हसण्यावारी नेले, तिच्याच संगीताला आज बाजाराने हिरव्या, लाल आणि सोनेरी झाडांचे रूप दिले आहे. चार्ली ब्राउनने दुकानात मागे ठेवलेली ती चकचकीत झाडे आता त्याच्याच नावाने विकली जात आहेत.

रंग एके काळी बोलत होता

मला रंगांचे वावडे आहे, असा कोणी गैरसमज करून घेऊ नये. वस्तुतः रंगीत ध्वनिमुद्रिका ही काही आजची नवलाई नाही. ज्या पदार्थाची तबकडी बनते, त्या पॉलिव्हिनाइल क्लोराइडला स्वतःचा काळा रंग नसतो. त्यात काजळी मिसळली की तो काळा होतो आणि दुसरे रंगद्रव्य मिसळले की दुसरा. 1949 मध्ये आर.सी.ए. व्हिक्टर या कंपनीने मिनिटाला 45 फेरे घेणाऱ्या लहान तबकड्या बाजारात आणल्या, तेव्हा त्या सात रंगांच्या होत्या. अभिजात संगीत लाल, ग्रामीण ढंगाची गाणी हिरवी, बालगीते पिवळी, लोकप्रिय गाणी काळी, अशी ती व्यवस्था होती. अक्षरओळख नसलेले मूलही पिवळी तबकडी ओळखून आपले गाणे मागू शकत होते. फँटसी कंपनीनेही पूर्वी लाल आणि निळ्या तबकड्या काढल्या. एकपदरी ध्वनीच्या लाल, दुपदरी ध्वनीच्या निळ्या. त्या काळी रंग ऐकणाऱ्याला काहीतरी सांगत होता. रंग हा गीताचा सेवक होता.

आजचा रंग काय सांगतो? हिरव्या तबकडीवर जी खाच कोरलेली आहे तीच लालवर आहे. सूर तेच, मुले तीच, घसरलेला स्वरही तोच. भिन्न आहे ते एकच. ही या दुकानात मिळते, ती त्या दुकानात, ही या वर्षाची, ती गेल्या वर्षाची. म्हणजे आजचा रंग गीताविषयी काहीही सांगत नाही. 'ही तुझ्यापाशी अजून नाही', एवढीच एक गोष्ट तो सांगतो. सेवक होता तो धनी झाला आणि गीत त्याच्या दारात उभे राहिले.

हे केवळ एका मुलाचे वेड म्हणून सोडून देता येत नाही. 2022 मध्ये अमेरिकेत सुमारे 4 कोटी 10 लाख ध्वनिमुद्रिका विकल्या गेल्या. 1987 नंतर प्रथमच त्यांनी सी.डी.ला संख्येत मागे टाकले. जुन्या वस्तूला असा पुनर्जन्म मिळालेला पाहून मला आनंदच झाला असता. पण ल्युमिनेट या संगीतविक्रीची मोजदाद करणाऱ्या संस्थेने 2023 मध्ये सांगितले की, वर्षभरात ध्वनिमुद्रिका विकत घेणाऱ्या अमेरिकनांपैकी केवळ 50 टक्के लोकांकडे ती वाजवण्याचे यंत्र आहे. उरलेल्या निम्म्या घरांत ती तबकडी म्हणजे भिंतीवरचे चित्र आहे. 2024 मध्ये बिली आयलिश या तरुण गायिकेने एकाच संगीताच्या अनेक आवृत्त्या काढून चाहत्यांना त्या घ्यायला लावण्याच्या प्रथेवर जाहीर टीका केली. तेव्हा ही काही एका म्हाताऱ्या होत चाललेल्या पाद्र्याची कुरकुर आहे, असे कोणी समजू नये. त्या धंद्यातल्या लेकरांनाही ते खुपू लागले आहे.

त्यांची बाजू

त्या रात्री जेवताना मुलाने आपली बाजू मांडली. ती मी प्रामाणिकपणे येथे देतो, कारण प्रतिपक्षाचे म्हणणे विद्रूप करून खोडून काढण्यात पुरुषार्थ नाही.

त्याचे पहिले म्हणणे असे की, यात कोणाचे नुकसान नाही. पैसा माझ्या घामाचा आहे आणि दारूबाजीपेक्षा हे बरे. दारूबाजीपेक्षा बरे, हे मान्य. पण ख्रिस्ती जीवनाचे माप इतके आखूड आहे काय? पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1991 मधील आपल्या 'चेंतेसिमुस आन्नुस' या परिपत्रकात हा भेद अगदी नेमका सांगितला आहे. चांगले जगावे असे वाटणे गैर नाही. 'असण्या'पेक्षा 'बाळगण्या'कडे धाव घेणारी जीवनपद्धती श्रेष्ठ समजणे हे गैर आहे. आणि नुकसान कोणाचेच नाही, हेही खरे नाही. पॉलिव्हिनाइल क्लोराइड ज्यापासून बनते तो वायू कर्करोगाला कारण ठरणारा आहे. 3 फेब्रुवारी 2023 रोजी ओहायो राज्यातील ईस्ट पॅलेस्टाइन गावी तो वाहून नेणारी मालगाडी रुळांवरून घसरली, तेव्हा स्फोट टाळण्यासाठी म्हणून तो जाळून टाकण्यात आला आणि लोकांना घरेदारे सोडून जावे लागले. ऐकण्यासाठी एक तबकडी बनवणे मी समजू शकतो. न ऐकण्यासाठी एकोणीस बनवणे मला समजत नाही.

दुसरे म्हणणे असे की, ही गुंतवणूक आहे, पुढे किंमत वाढेल. वाढेलही एखादीची. पण ज्याची टंचाई मुद्दाम निर्माण केली जाते, त्याची टंचाई पुढच्याच वर्षी नवा रंग काढून मोडलीही जाते. आणि समजा, किंमत दुप्पट झाली, तरी प्रभूच्या जन्माचे गीत आपण कशासाठी घरात आणले होते, हा प्रश्न राहतोच.

तिसरे म्हणणे अधिक वजनाचे. संग्राहक नसते तर जुनी कला नष्ट झाली असती. हे अंशतः खरे आहे. पण आपल्याच घरातील एक उदाहरण पाहा. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' 1616 मध्ये छापले गेले. पुढे 1649 आणि 1654 मध्ये त्याच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. तरीही ते महाकाव्य आपल्या हाती आहे. कसे? भाविकांनी ते हाताने उतरवून घेतले, मंदिरांत वाचले, घराघरांत गायले म्हणून. वाचून वाचून ज्याची पाने झिजली, ते वाचले. गीत टिकते ते कंठात. कपाटात टिकते ती फक्त वस्तू. ग्वाराल्डी 1976 मध्ये अवघ्या 47 व्या वर्षी गेला. त्याचे संगीत आज जिवंत आहे ते दर डिसेंबरात कोणीतरी ते वाजवते म्हणून, कोणीतरी ते प्लास्टिकमध्ये बांधून ठेवले म्हणून नव्हे.

चौथा मुद्दा मीच त्याच्या वतीने मांडतो. या चित्रपटाला पैसा पुरवला तो कोका-कोला कंपनीने. मग त्याच्या पावित्र्याची एवढी मातब्बरी कशाला? हा प्रश्न रास्त आहे. बाजाराचा पैसा त्यात प्रथमपासून होता. परंतु तो पैसा संत लूकच्या ओव्या लोकांच्या कानी पडाव्यात यासाठी खर्ची पडला, मग पुरवणाऱ्याचा हेतू काहीही असो. येथे आपण जो पैसा मोजतो, तो त्या ओव्यांवरचे प्लास्टिक निघू नये यासाठी मोजतो. दोन्ही व्यवहारच. पण एकाने तोंड उघडले, दुसऱ्याने बंद केले.

पाचवा मुद्दा मात्र त्याने हसत हसत असा काढला की, मी घासच गिळला. तो म्हणाला, "फादर, तुमच्या सॅक्रिस्टीतल्या कपाटातही रंगच आहेत की. जांभळा, पांढरा, लाल, हिरवा. एक गुलाबीसुद्धा, वर्षातून दोनदा घालायचा!"

आई त्याला रागावली. मी त्या रात्री काही उत्तर दिले नाही. खरे सांगायचे तर मला ते सुचलेच नाही. उत्तर सुचायला परतीचा विमानप्रवास लागला.

दोन कपाटे

होय, चर्चच्या कपाटात रंग आहेत. पण त्या रंगांतला एकही रंग माझ्या मालकीचा नाही आणि एकही माझ्या आवडीने निघत नाही. जांभळा रंग निघतो तो काळ बदलला म्हणून. तो मला सांगतो, थांब, मन बदल, कोणीतरी येणार आहे. आगमनकाळाच्या तिसऱ्या रविवारी गुलाबी निघतो आणि सांगतो, आता फार दूर नाही, आनंद कर. नाताळच्या रात्री पांढरा निघतो. रंग बदलतो तेव्हा मी बदलावे, अशी त्याची मागणी असते. झगा कपाटातून बाहेर येतो, घामाने भिजतो, मेणाचे डाग पडतात, शिवण उसवते आणि धर्मभगिनी ती पुन्हा शिवून देतात. वापरलाच नाही असा झगा म्हणजे सॅक्रिस्टीचे भूषण नव्हे, ते तिचे अपयश होय. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेनेही उपासनेतील कलेविषयी हेच सांगितले की, नुसत्या भपक्यापेक्षा उदात्त सौंदर्याला महत्त्व द्यावे.

तथापि, मुलाचा टोला मला पूर्णपणे परतवता येत नाही, हेही कबूल केले पाहिजे. आपली चर्चेस या रोगापासून मुक्त आहेत काय? नाताळचे गोठे पाहा. गोठा आता भक्तीचा विषय राहिला की स्पर्धेचा? गेल्या वर्षी धबधबा केला, यंदा फिरता तारा, पुढच्या वर्षी आणखी काही. परीक्षक येतात, गुण देतात, बाळ येशूसमोर गुडघे टेकायला मात्र कोणाला सवड नसते. आणि परदेशवारीत मिळालेल्या जपमाळांनी माझ्याच टेबलाचा खण भरून गेला आहे. फातिमाची, लूर्दची, पवित्र भूमीतील ऑलिव्हच्या लाकडाची. मोजल्या तर अकरा निघाल्या. रोज हातात असते ती एकच, दोर तुटून दोनदा गाठ मारलेली. बाकीच्या दहांचे मी काय करत होतो? दुसऱ्याच्या कपाटाविषयी लिहिण्याआधी मी तो खण रिकामा केला. त्या आता पहिल्या कम्युनियनच्या वर्गातील मुलांकडे आहेत.

क्रुसाचा संत योहान याने सोळाव्या शतकातच ही दुखरी नस ओळखली होती. 'काळोखी रात्र' या ग्रंथाच्या पहिल्या खंडातील तिसऱ्या प्रकरणात तो आध्यात्मिक लोभाविषयी लिहितो. काही भाविक क्रूस आणि जपमाळा जमवत राहतात, एक टाकून दुसरी घेतात, ही नको ती हवी असे करत हिंडतात आणि मूळ प्रार्थना बाजूलाच राहते. पुढे तो दोन माणसांची आठवण सांगतो. एकापाशी झावळ्यांच्या रविवारच्या झावळीचा, टाचणी वाकवून जोडलेला ओबडधोबड क्रूस होता. तो त्याने दहा वर्षांहून अधिक काळ जपला. दुसऱ्याची जपमाळ माशाच्या पाठीच्या काट्यांची होती. आमच्या कोळीवाड्यातील वाचकांना हे वाचून हसू येईल. पण संत सांगतो, तेवढ्यामुळे त्या माणसांची भक्ती देवाच्या नजरेत तसूभरही कमी ठरली नाही.

संत थॉमस अक्वायनस तर याच्याही मुळाशी जातो. लोभ हे शरीराचे पाप की आत्म्याचे, असा प्रश्न तो 'सुम्मा'च्या दुसऱ्या भागाच्या उत्तरार्धात, 118 व्या प्रश्नात विचारतो. खादाडाला जिभेचे सुख मिळते, लंपटाला देहाचे. लोभ्याला मिळते ते कोणत्याही इंद्रियाचे सुख नव्हे. 'हे माझ्यापाशी आहे' या विचाराचेच सुख त्याला मिळते. म्हणून लोभाची गणना थॉमस आत्म्याच्या पापांत करतो. सेमिनरीत हे वाचताना मला ते शब्दच्छल वाटले होते. त्या खोलीत, त्या एकोणीस मुद्रिकांसमोर उभा असताना त्याचा अर्थ मला कळला. गाणे कानासाठी असते. कानाला तेथे काही मिळतच नव्हते. डोळ्यांनाही फारसे नाही, कारण तबकडीचा रंग बहुतांशी वेष्टनाच्या आतच होता. सुख होते ते मोजण्याचे. एकोणीस आहेत आणि विसावी यायची आहे.

तो मुलगा लोभी आहे असा निवाडा मी देत नाही. कोणाच्या अंतःकरणाचा निवाडा करण्याचा अधिकार मला नाही, तो कबुलीच्या आसनावर बसलेल्यालाही नसतो. मी एवढेच म्हणतो की, ज्या वाटेवर त्याला ठेवले गेले आहे, ती वाट कोठे जाते हे थॉमसने फार पूर्वी लिहून ठेवले आहे. आणि त्या वाटेवर त्याला ठेवणारे हात त्याचे नव्हेत. रंग कमी संख्येने काढायचे, प्रत्येक दुकानाला वेगळा द्यायचा, वर्षाअखेर नवा जाहीर करायचा, ही योजना आखणाऱ्यांना मुलाच्या मनातील पोकळी पक्की ठाऊक आहे. परदेशात एकट्या वाढलेल्या मुलाला नाताळच्या आठवणी हव्या असतात. त्याची आजी वसईत घुमटाच्या तालावर जे नाताळ अनुभवत होती, ते त्याच्या वाट्याला आले नाही. त्या भुकेवर बाजार त्याला रंग विकतो आहे. माझा राग त्या विक्रीवर आहे. त्या भुकेची मात्र मला कणव येते.

चादर आणि कुपी

चित्रपटातील एक क्षण मी मुद्दाम शेवटी सांगायचा ठेवला होता. लायनस हा मुलगा आपली एक निळी चादर कधीही सोडत नाही. ती हातात नसली की त्याला धास्ती वाटते. सगळे त्याला त्यावरून चिडवतात, तरी तो ती सोडत नाही. रंगमंचावर तो संत लूकच्या ओव्या म्हणू लागतो, तेव्हाही ती त्याच्या हातात असते. देवदूत मेंढपाळांना 'भिऊ नका' म्हणतो, त्या शब्दांपाशी तो येतो आणि त्याच क्षणी चादर त्याच्या हातातून गळून पडते. कोणी काही बोलत नाही, कॅमेराही तिकडे लक्ष वेधत नाही. पुढे तो ती पुन्हा उचलतोही, कारण एका रात्रीत कोणी संत होत नाही. पण अखेरीस तीच चादर तो त्या केविलवाण्या रोपाच्या बुडाशी गुंडाळतो. जी आपल्यासाठी घट्ट धरली होती ती दुसऱ्याच्या उबेसाठी देतो.

हा क्षण असलेल्या चित्रपटाचे संगीत आपण एकोणीस रंगांत घट्ट धरून ठेवावे, याहून मोठा विपर्यास कोणता?

पवित्र शास्त्रात बेथानीच्या घरातील एक स्त्री आहे. तिच्यापाशी मौल्यवान सुगंधी तेलाची संगमरवरी कुपी होती. न फोडलेल्या कुपीची किंमत तीनशे दिनारांच्या वर होती, हिशोब करणाऱ्यांनी तो तेथल्या तेथे करूनही दाखवला. तिने कुपी फोडली. किंमत शून्य झाली आणि संत योहान सांगतो त्याप्रमाणे सारे घर सुगंधाने भरून गेले. कुपी तशीच ठेवली असती तर ती आजही एखाद्या संग्रहालयात दिमाखात उभी असती आणि त्या स्त्रीची आठवण कोणी काढली नसती.

आपला हा अंक त्या घरी टपालाने जातो. आई तो आधी वाचते, मग मुलाला वाचून दाखवते, कारण त्याला मराठी बोलता येते पण वाचायला जड जाते. म्हणून शेवटचे चार शब्द त्यालाच सांगतो.

बाळ, सगळ्या फेकून दे असे मी म्हणत नाही. एक उघड. कोणता रंग ते तूच ठरव. नाताळच्या रात्री मिस्सेहून घरी आल्यावर ती यंत्रावर ठेव, सुई लाव आणि आईबाबांना शेजारी बसव. एक बाजू वीस मिनिटांच्या आसपास चालते. तेवढा वेळ फोन दुसऱ्या खोलीत राहू दे. बाजू संपली की ऊठ आणि तबकडी उलट, त्या उठण्यातही एक गंमत आहे. बाकीच्या अठरा ज्यांना देता येतील त्यांना दे. तुमच्या धर्मग्रामात एकटे राहणारे वृद्ध आहेत, त्यांच्यापैकी काहींकडे जुनी यंत्रे अजून चालू आहेत, मी स्वतः पाहिली आहेत. देताना प्लास्टिक तूच फाडून दे, म्हणजे ती पुन्हा कोणाच्या फळीवर जाणार नाही. आणि पुढच्या वर्षी विसावा रंग निघाला की त्या पैशांत एखाद्या नव्या, नाव नसलेल्या कलावंताची ध्वनिमुद्रिका घे, आणि तीही ऐक.

तुझ्या आईने तीन नाताळ वाट पाहिली आहे, हे तिने मला निघताना दाराशी सांगितले. तुला सांगितले नसेल.